कार्बॉनिफेरस काळातील गोनियाटाइट कवचांचे वर्णन आणि ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमोनॉइड, गोनियाटाइट आणि अमोनाइट ही एकाच प्राण्याची तीन नावे आहेत का?

नाही. अमोनॉइड हे सर्वांत मोठ्या गटाचे नाव आहे. माकूळ, ऑक्टोपस आणि नॉटिलस ज्या शीर्षपाद वर्गात मोडतात, त्याच वर्गातील हे कवचधारी समुद्री प्राणी डेव्होनियन कल्पाच्या पूर्वार्धात अवतरले आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस, नामशेष झाले. कार्बॉनिफेरस कल्प ३५.९ कोटी ते २९.९ कोटी वर्षांपूर्वीचा. या काळातील बहुतेक अमोनॉइड गोनियाटाइट गणातले आहेत आणि थोडे प्रोलेकॅनाइट गणातले. ‘अमोनाइट’ हा शब्द काटेकोरपणे वापरायचा तर तो जुरासिक आणि क्रिटेशस काळातील कवचांसाठी राखून ठेवावा लागतो.

आपल्याकडे देवघरात असलेला शाळिग्राम हा नेपाळमधील गंडकीच्या खोऱ्यातला, जुरासिक-क्रिटेशस थरांतून आलेला अमोनाइट असतो. कच्छमधील प्रसिद्ध अमोनाइटही जुरासिक काळातले. म्हणजे आपल्या ओळखीची ही कवचे या पानावरच्या कवचांपेक्षा किमान दहा कोटी वर्षांनी तरुण आहेत. शाळिग्राम पाहून डोळ्याला लागलेली सवय गोनियाटाइट पाहताना बाजूला ठेवावी लागते, कारण गोनियाटाइट बहुधा लहान, गुबगुबीत आणि ठळक बरगड्या नसलेले असतात. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते गोट्यांसारखे वाटतात.

वर्णन करण्याआधी कवचाचे कोणते भाग माहीत असावेत?

मध्यभागी असतो तो आद्यकोष्ठ, म्हणजे प्राणी अंड्यात असतानाच तयार झालेला इवलासा फुगा. त्याचा व्यास साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याभोवती वेढे वाढत जातात. आतील वेढे आडव्या पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेले असतात आणि सर्व पडद्यांतून एक बारीक नळी, म्हणजे सायफंकल, आरपार जाते. गोनियाटाइटांत ही नळी कवचाच्या बाहेरच्या कडेला असते. प्राणी स्वतः शेवटच्या, पडदे नसलेल्या मोठ्या कप्प्यात राहत असे, त्याला निवासकक्ष म्हणू; त्याचे उघडे टोक ते तोंड. वेढ्यांच्या मधोमध दोन्ही बाजूंना जो खळगा दिसतो ती नाभी, आणि बाहेरच्या गोलाईची कड ती पोटाकडची बाजू. ही कड कवचाच्या बाहेरून सभोवार फिरत असली, तरी शास्त्रीय वर्णनात तिला ‘पोट’ म्हणतात आणि आतल्या वेढ्याला चिकटलेल्या बाजूला ‘पाठ’ म्हणतात. एवढे लक्षात ठेवले की पुढचा बराच गोंधळ टळतो.

शिवणरेषा म्हणजे काय? माझ्या नमुन्यावर ती का दिसत नाही?

कप्पे वेगळे करणारा पडदा कवचाच्या भिंतीला आतून जिथे चिकटतो, त्या सांध्याची रेषा म्हणजे शिवणरेषा. पडदा सपाट नसतो. त्याच्या कडा दुमडलेल्या असतात, म्हणून सांधाही नागमोडी उमटतो. तोंडापासून मागे वळलेल्या बाकाला लोब म्हणतात आणि तोंडाकडे पुढे आलेल्या उंचवट्याला सॅडल. जुरासिक अमोनाइटांत हे लोब आणि सॅडल पानांच्या नक्षीसारखे फाटत जातात. गोनियाटाइटांत ते साधे आणि अखंड राहतात, कुठे टोकदार तर कुठे गोल.

ही रेषा न दिसण्याची दोन कारणे असतात आणि दोन्ही नीट समजून घ्यावीत. पहिले कारण असे की सांधा कवचाच्या आतल्या बाजूस असतो, त्यामुळे कवच शाबूत असेल तर तो झाकलेलाच राहतो. कवच विरघळून किंवा निखळून गेले आणि आत भरलेल्या गाळाचा साचा उघडा पडला, तरच शिवण दिसते. म्हणून एखाद्या नमुन्यावर कवचाचा एक तुकडा शिल्लक असेल आणि शेजारी साचा उघडा असेल, तर तो अर्धवट नमुना अभ्यासकाला पूर्ण नमुन्यापेक्षाही मोलाचा वाटतो, कारण त्यात नक्षी आणि शिवण दोन्ही हाती लागतात.

दुसरे कारण नवख्या माणसाला बहुधा कोणी सांगत नाही. बऱ्याच गोनियाटाइटांचा निवासकक्ष एक पूर्ण वेढा किंवा त्याहूनही लांब असतो. निवासकक्षात पडदे नसतातच. त्यामुळे पूर्ण वाढलेल्या कवचाचा बाहेरचा अख्खा वेढा तपासूनही एकही शिवण सापडत नाही आणि माणूस ‘हा गोनियाटाइटच नसावा’ असा निष्कर्ष काढतो. अशा वेळी आतल्या वेढ्यापर्यंत पोचावे लागते. नमुना मोडकाच असेल तर मोडलेल्या बाजूने आतला वेढा द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली सुईने हळूहळू मोकळा करावा.

शिवणरेषा कशी वाचायची आणि कागदावर कशी काढायची?

वाचन बाहेरच्या कडेच्या मध्यापासून सुरू करून नाभीकडे न्यावे. पहिला भेटतो तो पोटाचा लोब. टूर्नेशियन, म्हणजे कार्बॉनिफेरसच्या अगदी सुरुवातीच्या काळातील गॅटेनडॉर्फिया आणि इमिटोसेरास यांच्यात हा लोब अविभक्त असतो. पुढे व्हिझियन काळातील गोनियाटाइट्स या वंशात (हे एका वंशाचे नाव, सबंध गटाच्या ‘गोनियाटाइट’ या नावाशी गल्लत नको) त्याच्या मध्यभागी एक छोटी सॅडल वर येऊन त्याचे दोन फाटे झालेले दिसतात, आणि नंतरच्या काळातील अनेक वंशांत ही मधली सॅडल आणखी उंच होत जाते. माझ्या मते कार्बॉनिफेरस गोनियाटाइट ओळखताना एकच गोष्ट पाहायला वेळ असेल, तर तो वेळ या पोटाच्या लोबवर खर्च करावा : तो रुंद आहे की अरुंद, त्याच्या बाजू समांतर आहेत की फाकलेल्या, आणि मधली सॅडल पूर्ण लोबच्या उंचीच्या किती भाग आहे. त्यानंतरची सॅडल गोनियाटाइट्स वंशात टोकदार असते आणि तिच्या पुढचा बाजूचा लोब इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो.

प्रोलेकॅनाइट वेगळे पडतात ते इथेच. त्यांचे कवच चपटे आणि नाभी रुंद असते, आणि नाभीच्या दिशेने एकामागून एक लोब वाढत जातात. प्रोलेकॅनाइट्स किंवा मेरोकॅनाइट्सचा साचा एकदा पाहिला की त्या लोबांची रांग डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्या मेसोझोइक अमोनॉइडांचे पूर्वज याच अल्पसंख्य गणात होते, त्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये.

रेखाटनासाठी साच्यावरची शिवण अगदी बारीक ब्रशाने काळ्या शाईने ओढून घ्यावी आणि मग सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या कॅमेरा ल्युसिडाने (नमुन्याची प्रतिमा कागदावर पडल्यासारखी दाखवणाऱ्या उपकरणाने) किंवा छायाचित्रावरून ती उतरवावी. कवच गोलाकार असल्याने एकाच छायाचित्रातून पूर्ण रेषा घेतली तर नाभीकडचा भाग दबून अरुंद होतो. नमुना थोडाथोडा फिरवत, तुकड्यातुकड्याने रेषा जोडत जावे. पोटाच्या मध्यावर तोंडाच्या दिशेने बाण काढण्याची रूढी आहे. रेखाटनाशेजारी ती शिवण कवचाच्या किती व्यासावरची किंवा वेढ्याच्या किती उंचीवरची आहे, हे लिहिलेच पाहिजे. तो आकडा नसलेले रेखाटन पुढच्या माणसाला तुलनेसाठी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

कोणती मोजमापे घ्यावीत आणि त्यांतून काय कळते?

पाच मापे पुरतात : कवचाचा व्यास, वेढ्याची रुंदी, वेढ्याची उंची, नाभीची रुंदी आणि तोंडाची उंची. यातील दोन उंचींत गल्लत होते. वेढ्याची उंची नाभीच्या काठापासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात. तोंडाची उंची मात्र आतल्या वेढ्याच्या माथ्यापासून मोजतात, म्हणजे नवा वेढा जुन्यावर जितका चढला आहे तेवढा भाग त्यातून वजा झालेला असतो. व्हर्निअर कॅलिपर किंवा डिजिटल कॅलिपर पुरेसा आहे, पण लहान नमुन्यांसाठी सूक्ष्मदर्शकातील पट्टीच वापरावी.

एक उदाहरण घेऊ. समजा चुनखडकातला एक नमुना आहे : व्यास ३२ मिमी, वेढ्याची रुंदी २४ मिमी, वेढ्याची उंची १६ मिमी, नाभी ३ मिमी आणि तोंडाची उंची ८ मिमी. रुंदीला व्यासाने भागले की ०.७५ येतात. सध्याच्या रूढ वर्गवारीत ०.३५ ते ०.६० म्हणजे चकतीसारखे कवच आणि ०.६० ते ०.८५ म्हणजे जाड, फुगीर कवच. तेव्हा आपला नमुना फुगीर ठरतो. नाभीला व्यासाने भागले की ०.०९ येतात, आणि ०.१५ च्या खाली नाभी जवळजवळ मिटलेली मानतात. आता वाढीचा वेग. व्यासातून तोंडाची उंची वजा केली की २४ उरतात, म्हणजे अर्धा वेढा मागे असताना कवचाचा व्यास २४ मिमी होता. ३२ ला २४ ने भागून वर्ग केला की सुमारे १.७८ येतात. १.७५ ते २.०० हा मध्यम वेग आहे. शेवटी वेढ्याच्या उंचीतून तोंडाची उंची वजा करून उंचीने भागावे : १६ मधून ८ गेले, उरले ८, म्हणजे ०.५०. नव्या वेढ्याने जुना वेढा आपल्या निम्म्या उंचीइतका पोटात घेतला आहे.

या चार आकड्यांवरून अभ्यासक नमुना न पाहताही त्याचा आकार मनासमोर आणू शकतो. ‘बऱ्यापैकी गोल’ किंवा ‘थोडा चपटा’ असे लिहिले तर प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने वाचतो, ०.७५ हा आकडा सगळे जण एकाच अर्थाने वाचतात.

एकाच थरात लहान-मोठी, वेगळ्या आकाराची कवचे सापडली. त्या वेगळ्या जाती समजाव्यात का?

लगेच समजू नयेत. अमोनॉइड कवचाचा एक मोठा गुण असा की प्राण्याचे बालपण त्याच्याच आतल्या वेढ्यांत जपलेले असते, आणि या बालपणाचा आकार प्रौढपणापेक्षा पुष्कळ वेगळा असू शकतो. अनेक गोनियाटाइटांत पहिल्या काही वेढ्यांत नाभी रुंद असते आणि नंतरचे वेढे तिला झाकून टाकतात. पाच मिलिमीटरचे पिल्लू आणि चाळीस मिलिमीटरचे प्रौढ कवच शेजारी ठेवले, तर कोणीही त्यांना दोन वंशांत टाकेल. जुन्या ग्रंथांतील अनेक नावे अशाच चुकीतून निर्माण झाली आणि पुढे रद्द झाली.

यावर उपाय म्हणजे आडवा छेद. वेटोळ्याच्या प्रतलाला काटकोनात, आद्यकोष्ठाच्या बरोबर मधून जाईल असा छेद घ्यायचा, तो बारीक भुकटीवर घासत मध्यापर्यंत न्यायचा आणि प्रत्येक अर्ध्या वेढ्याला मापे घ्यायची. मग एकाच कवचातून दहा-बारा व्यासांवरचे आकडे मिळतात आणि त्या प्राण्याचा वाढीचा आलेख काढता येतो. हे काम नमुना कायमचा कापूनच होते, म्हणून थरातून अनेक नमुने मिळाले असतील तरच करावे. आधी छायाचित्रे आणि प्रतिकृती करून ठेवावी. छेद मध्यापासून अर्धा मिलिमीटर जरी चुकला तरी पहिले दोन-तीन वेढे हातचे जातात, तेव्हा शेवटचा टप्पा हाताने, काचेवर, दर काही घासण्यांनी भिंगातून पाहत पूर्ण करावा.

पृष्ठभागावरील नक्षीला किती महत्त्व द्यावे?

जातीच्या पातळीवर पुष्कळ. वाढीच्या रेषा सरळ जातात की दोनदा पुढे झुकतात, पोटावर त्या मागे वळतात का, त्यांना छेदणाऱ्या आडव्या लांब रेषा आहेत का, नाभीच्या काठावर गाठी आहेत का आणि साच्यावर ठरावीक अंतराने आवळ, म्हणजे आवळल्यासारख्या खाचा, पडले आहेत का, हे सर्व नोंदवावे. रेटिक्युलोसेरास या वंशाचे नावच जाळीदार नक्षीवरून पडले आहे, आणि गॅस्ट्रिओसेरासमध्ये नाभीच्या कडेच्या गाठी ठळक असतात. मात्र साच्यावर नक्षी पुसट उमटते, म्हणून कवचावरची नक्षी आणि साच्यावरची नक्षी यांची नोंद वेगवेगळी करावी.

शेल खडकात चिरडून पापडासारखी झालेली कवचे ओळखता येतात का?

येतात, आणि कार्बॉनिफेरसच्या अभ्यासाचा मोठा भाग अशाच चिरडलेल्या कवचांवर उभा आहे. उत्तर इंग्लंडमध्ये नदीमुखांतील वाळूचे आणि कोळशाचे थर एकावर एक रचलेले आहेत आणि त्यांच्या मध्ये अधूनमधून काळ्या शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे, पातळ पट्टे येतात. समुद्राची पातळी वाढून पाणी आत शिरले की हा पट्टा साचायचा, आणि गोनियाटाइट त्याच पट्ट्यात सापडतात. विल्यम सॉनी बिसॅट हे व्यवसायाने बांधकाम कंत्राटदार होते; त्यांनी हे पट्टे एकेक करून तपासले आणि १९२४ साली उत्तर इंग्लंडमधील गोनियाटाइटांची व त्यांवर आधारित स्तरविभागांची मांडणी प्रसिद्ध केली. युमॉर्फोसेरास, होमोसेरास, रेटिक्युलोसेरास, गॅस्ट्रिओसेरास हा खालून वर जाणारा क्रम त्या भागातील भूवैज्ञानिकांच्या तोंडी बसला. भूविज्ञान हा ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता, अशा माणसाने केवळ निरीक्षणाच्या शिस्तीवर हे काम उभे केले, याबद्दल मला फार आदर वाटतो.

हा क्रम खाणकामालाही उपयोगी पडला. कोळशाचे थर दिसायला सारखे असतात, पण त्यांच्या छतातील गोनियाटाइट वेगळे असतात. हॅलिफॅक्स हार्ड बेड या कोळसाथराच्या छतात गॅस्ट्रिओसेरास लिस्टेरी सापडतो. तो सापडला की आपण कोणत्या पातळीवर आहोत हे निश्चित होते. गॅस्ट्रिओसेरास सबक्रेनॅटम असलेला पट्टा हा कार्बॉनिफेरसच्या उत्तरार्धातील वेस्टफेलियन विभागाचा पाया मानला जातो.

चिरडलेल्या कवचात जाडीचे माप आणि शिवण दोन्ही गेलेली असतात. व्यासही दाबाने किंचित पसरलेला असतो, म्हणून गुणोत्तरे देण्याचा मोह टाळावा. अशा वेळी नक्षी, नाभीची रुंदी आणि आवळांची दिशा यांवर भिस्त ठेवावी. त्याच शेलमध्ये चुनखडीच्या कठीण गाठी, म्हणजे स्थानिक खाणकामगारांच्या भाषेतील ‘बुलियन’, शोधाव्यात. गाळ दबण्याआधीच त्या घट्ट झालेल्या असल्याने त्यांच्यातील कवचे पूर्ण फुगीर मिळतात. गाठीतला एक नमुना शेलमधल्या शंभर चपट्या नमुन्यांचा अर्थ लावून देतो.

महाराष्ट्रात असे जीवाश्म सापडतील का?

नाही. राज्याचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टखाली आहे आणि विदर्भातील गोंडवन खडक जमिनीवरचे, नद्या-सरोवरांतले आहेत. तरीही एक खरा धागा आहे. चंद्रपूरजवळ इरईच्या परिसरात पैनगंगा चुनखडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे दिसतात. त्यांवरील तालचीर थर कार्बॉनिफेरसच्या अखेरीचे ते पर्मियनच्या प्रारंभीचे मानले जातात. गोंडवन भूखंडावरील बर्फ वाढला-वितळला की जगभर समुद्राची पातळी खाली-वर होई, आणि इंग्लंडमधील गोनियाटाइटांचे पट्टे त्याच दीर्घ हिमयुगातील आधीच्या चढउतारांतून तयार झाले.

प्रदर्शनात ‘गोनियाटाइट’ म्हणून विकत घेतलेला चकचकीत नमुना कार्बॉनिफेरसचा असेल का?

बहुधा नसेल. बाजारात येणारे तपकिरी-काळे, पॉलिश केलेले गोनियाटाइट मुख्यतः मोरोक्कोतील एर्फूद परिसरातले आणि डेव्होनियन काळातले असतात. पॉलिश करताना कवच आणि साच्याचा वरचा थर घासला जातो, त्यामुळे शिवण सुंदर दिसते, पण ती मूळ पृष्ठभागावरची नसते. घासत आत गेले की लोबांचा आकार बदलतो. असा नमुना शिकण्यासाठी चांगला आहे, वर्णनासाठी नाही.

गोनियाटाइटशी आणखी कशाची गल्लत होते?

वेटोळ्या नॉटिलॉइडांची (नॉटिलसच्या नात्यातील कवचांची) आणि बेलेरोफॉन गटातील गोगलगायसदृश कवचांची. नॉटिलॉइडांत शिवण जवळजवळ सरळ किंवा हलकी वळणदार असते आणि सायफंकल सहसा पडद्याच्या मध्याजवळ असते. बेलेरोफॉनांत पडदेच नसतात.

नमुना स्वच्छ करताना आणि छायाचित्र घेताना काय काळजी घ्यावी?

चुनखडकातील नमुन्यावर आम्ल वापरू नये, कारण खडक आणि कवच दोन्ही कॅल्साइटचे असल्याने दोन्ही विरघळतात. सुई, लहान छिन्नी आणि हवेवर चालणारा कोरणीपेन यांनीच काम करावे. छायाचित्रापूर्वी नमुन्यावर अमोनियम क्लोराइडच्या वाफेचा पातळ पांढरा थर देतात, त्याने रंगाचे डाग झाकले जाऊन नक्षी उठून दिसते. हे काम धूर खेचणाऱ्या पंख्याखाली करावे आणि छायाचित्र झाल्यावर थर पूर्ण काढून टाकावा, कारण तो दमट हवेत ओल धरतो. प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून द्यावा आणि नमुन्याच्या बाजूचे, पोटाकडचे व तोंडाकडचे अशी तीन दृश्ये एकाच प्रमाणात घ्यावीत.

पायराइट झालेले कवच पावसाळ्यात भुगा होऊ लागले. काय करावे?

टेक्सासमधील पेनसिल्व्हेनियन (कार्बॉनिफेरसच्या उत्तरार्धातील) शेलमधून येणारी छोटी, पितळी रंगाची कवचे पायराइटची, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाची, असतात आणि ती फार सुबक असतात, पण मुंबई किंवा कोकणातील हवा त्यांची शत्रू आहे. दमटपणात पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होते. पांढरी-पिवळी भुकटी आणि गंधकाचा उग्र वास ही त्याची खूण. असा नमुना ताबडतोब इतरांपासून वेगळा करावा, कोरड्या ब्रशाने भुकटी झाडावी, पाण्याने धुऊ नये, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. चिठ्ठी डब्यात नमुन्याला चिकटून ठेवू नये. आम्लाने कागद आधी जळतो, आणि स्थळाची नोंद गेली की उरलेल्या कवचाला अर्थ राहत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण ओक्लाहोमातील बकहॉर्न अस्फाल्टचे आहे. तिथे नैसर्गिक डांबर लवकरच गाळात मुरले आणि कवचांचे मूळ खनिज, म्हणजे अरॅगोनाइट, तीस कोटींहून अधिक वर्षे टिकून राहिले. इतरत्र ते बहुतेक ठिकाणी केव्हाच कॅल्साइटमध्ये बदललेले असते.

जातीचे नाव निश्चित होत नसेल तर काय लिहावे?

जितके निश्चित आहे तितकेच लिहावे. या पानावर वंश म्हणजे नावातील पहिला शब्द आणि जाती म्हणजे दोन्ही शब्द मिळून. वंश नक्की असेल आणि जाती नसेल, तर वंशाच्या नावापुढे ‘एसपी.’ लिहितात. ज्ञात जातीशी जुळते, पण नमुना खराब असल्याने खात्री नाही, तर ‘सीएफ.’; नमुना चांगला आहे, पण जातीपेक्षा थोडा वेगळा दिसतो, तर ‘एएफएफ.’. ही तीन चिन्हे वापरण्यात काही लोकांना कमीपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. चुकीचे नाव एकदा संग्रहाच्या नोंदवहीत शिरले की त्या थराचे वयही चुकीचे ठरते, आणि ते दुरुस्त करायला पुढच्या पिढीची वर्षे जातात.

नावापुढील व्यक्तीचे नाव कधी कंसात असते, कधी नसते. असे का?

ज्याने जातीचे वर्णन केले त्याने तिला ज्या वंशात ठेवले, त्याच वंशात ती आजही असेल तर कंस नसतो. जॉन फिलिप्स यांनी १८३६ साली गोनियाटाइट्स क्रेनिस्ट्रिया हे नाव दिले आणि वंश आजही तोच आहे, म्हणून ‘गोनियाटाइट्स क्रेनिस्ट्रिया फिलिप्स, १८३६’ असे कंसाविना लिहितात. गॅस्ट्रिओसेरास लिस्टेरीचे वर्णन मुळात ‘अमोनाइट्स’ या वंशाखाली झाले होते, म्हणून त्यापुढील सॉवर्बी हे नाव कंसात येते.

मला नवी जाती सापडली असे वाटते. पुढे काय?

प्रथम त्याच थरातील आणखी नमुने गोळा करावेत. एका नमुन्यावरचा वेगळेपणा दाबामुळे, झिजेमुळे, वयामुळे किंवा एखाद्या जखमेमुळेही आलेला असू शकतो. कवचांवर भरून आलेल्या जखमा नेहमी दिसतात. त्यानंतर जवळच्या प्रत्येक जातीच्या मूळ नामधारक नमुन्याशी (ज्या नमुन्याशी जातीचे नाव कायमचे बांधलेले असते त्याच्याशी) तुलना करावी, नुसत्या चित्राशी नव्हे. पुराजीव कल्पांतील अमोनॉइडांची गोनिअट ही माहितीसूची शोधाची दिशा द्यायला उपयोगी पडते. आंतरराष्ट्रीय प्राणिनाम संहितेनुसार २००० सालापासून नव्या जातीसाठी नामधारक नमुना स्पष्टपणे ठरवून सांगावा लागतो, आणि तो घरच्या कपाटात न ठेवता सार्वजनिक संग्रहालयात क्रमांकासह जमा करावा.

वर्णनाचा क्रम ठरलेला ठेवावा : स्थळ आणि थर, नमुन्यांची संख्या व जतनाची अवस्था, मापे व गुणोत्तरे, आकार, नक्षी, आवळ, शिवण, आणि शेवटी तुलना. थराची नोंद करताना ‘अमुक गावाजवळ’ एवढे पुरत नाही. दरडीच्या पायथ्यापासून किती सेंटिमीटर उंचीवर नमुना मिळाला, तो खडकातच होता की सुटा पडलेला होता, हे त्याच दिवशी, त्याच जागी उभे राहून वहीत लिहावे.